मंद उजेडाची हौस

कर्नाटकातल्या मादन हिप्परग्यात ट्रान्सफॉर्मर म्हणजे खांबावरचा, ऐन पाणी द्यायच्या वेळी जळणारा. पुण्याहून आलेल्या लेकाला मात्र पीओपीत लपणारा हवा: 12 व्होल्टचा, वर उजेड मंद करणारा. दुकानदार फक्त रंग विचारतो. हॅलोजनच्या काळातला इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर किमान वीसेक वॅटचा भार मागतो, 5 वॅटचा एकुलता एलईडी त्यावर लुकलुकतो. डिमरही सोयरिकीसारखा पत्रिका पाहूनच जुळवायचा, हे सांगणार कोण? इकडे संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या, की 230 व्होल्ट घसरतात आणि म्हाताऱ्याच्या ओसरीवरचा पिवळा बल्ब बिनखर्चात मंद होतो. त्यात 2023 पासून राज्याच्या गृहज्योती योजनेत 200 युनिटांपर्यंतचं बिल सरकारच भरतं. मग उजेड कमी करून वाचवायचं तरी कुणाचं?