बदककाका

पुण्यातल्या बऱ्यापैकी मोठ्या सोसायटीत एक बागकामवाले काका असतात, एक ट्रेकवाले काका असतात आणि एक बदककाका असतात. पहिले दोघे निरुपद्रवी. बदककाकांना मात्र नोव्हेंबर ते फेब्रुवारी टाळावं. या दिवसांत ते लिफ्टमध्ये भेटले, तर तळमजला येईपर्यंत दोन जाती शिकवून सोडतात.

बदककाका बहुधा बँकेतून निवृत्त झालेले असतात. उभा जन्म चेकवरच्या सह्या ताडून पाहण्यात गेल्यामुळे त्यांचा कशावरच पटकन विश्वास बसत नाही. नर बदकाकडे तर ते ढुंकूनही बघत नाहीत. "थापट्याची ती रुंद चोच, तलवार बदकाची ती लांब शेपटी, हे काय कुणीही ओळखेल! मादी ओळखून दाखवा." माद्या सगळ्या तपकिरी, सगळ्या ठिपक्यांच्या. मग काका स्कोपला डोळा लावून, समोरची बाई पंख कधी उघडते याची वाट बघत उन्हात उभे. पंखात पांढरा चौकोन दिसला तर गडवाल, हिरवं चमकलं तर चक्रांग. आणि तिनं पंख उघडलाच नाही, तर वहीत नोंद : 'मादी, अनिर्णित.'

उजनीच्या फुगवट्यावर, भिगवणजवळ त्यांना होडीत बघावं. शेजारच्या होडीतून कुणी तरी ओरडतं, "अगं, केवढी काळी बदकं!" काका वळतात. "ताई, ते बदक नाही. तो वारकरी. पाणकोंबडीच्या कुळातला. बदकाच्या बोटांमध्ये पडदा असतो, याच्या बोटांना सुट्या पाकळ्या असतात." ताई तोवर सेल्फीत. होडीवाला मात्र वल्हं थांबवत नाही. त्यानं हे ऐकलेलं असतं. "सर, त्ये जाऊ द्या, तिकडं हरभऱ्यात पट्ट्याचे हंस उतरल्यात," एवढंच तो म्हणतो, आणि काका होडीतच उठून उभे राहतात. होडी हेलकावते. ताईंचा मोबाइल वाचतो, हे नशीब.

कारण पट्टकादंब हे काकांचं दैवत. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे, मुक्काम मंगोलिया, तिबेट, लडाख, आणि हिवाळ्यात हिमालय ओलांडून आपल्याकडे. सात हजार मीटरवरून उडताना त्यांची नोंद झालेली आहे. त्यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन विरळ हवेतूनही प्राणवायू पकडून ठेवतं. हे सांगताना काकांचा स्वतःचा श्वास लागतो, कारण त्यांना सिंहगडही पायी जमत नाही. मंगोलियात काही हंसांच्या गळ्यात क्रमांकाचे पट्टे घालतात. तसा हंस दिसला, की तो क्रमांक वाचल्याशिवाय काका जेवत नाहीत. आणि ते जेवत नाहीत म्हणून बाकीचेही.

घरोघरी जाऊन दुसऱ्याच्या आनंदात माती कालवणं, हा त्यांचा जोडधंदा. एका घरी दिवाणखान्यात रविवर्म्याच्या हंस-दमयंतीची तसबीर होती. काकांनी चष्मा वर केला. "दमयंती विदर्भाची. हा असला लांब मानेचा पांढरा स्वान भारताच्या उत्तर टोकाला चुकूनमाकून येतो. विदर्भात कुठला? निरोप घेऊन आला असेल तो पट्टकादंबच!" यजमानीणबाईंनी दुसऱ्यांदा चहा विचारला नाही.

लग्नातही तीच तऱ्हा. शेरवानीतल्या नवरदेवाकडे बोट करून ते म्हणतात, "विणीच्या हंगामातला पिसारा! हंगाम संपला की बदकाचा नर पिसं गाळतो, दिसायला मादीसारखाच होतो आणि काही आठवडे त्याला उडताही येत नाही." आजूबाजूचे विवाहित पुरुष मुकाट्यानं मठ्ठा पितात.

काकू शहाण्या आहेत. जानेवारीत त्या म्हणाल्या, "मी हळदीकुंकवाला निघालेय." काकांनी वहीतून मान वर न करता विचारलं, "कुठल्या तळ्यावर?" हळदी-कुंकू हे पिवळ्या टोकाच्या चोचीचं, चोचीच्या मुळाशी लाल ठिपका असलेलं बदक, हे काकूंना एव्हाना पाठ होतं. "तुमच्या तळ्यावर नाही," त्या म्हणाल्या, "तिथं वाण देत नाहीत."

थोडक्यात, काका कंटाळवाणे आहेत, हट्टी आहेत, आणि त्यांच्या गाडीला कायम चिखलाचा वास येतो. पण 1987 पासून दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते, ती अशाच बिनपगारी काकांच्या जिवावर. गुलाबी डोक्याचं एक बदक याच देशात होतं. 1935 साली दरभंग्याकडे त्याची शिकार झाल्याची नोंद आहे. त्यानंतर त्याचा भरवशाचा पत्ता नाही. मारणारे पुष्कळ होते. किती उरली, हे वेळेवर मोजणारं कुणी नव्हतं. तळ्याला कवी बरेच मिळतात, हिशेबनीस क्वचित.

तेव्हा काकांनी बोलावलं तर जा. पहाटे चारला उठावं लागेल, कान किटतील, पण भिगवणला परतताना मासे झकास मिळतात. फक्त काकांच्या देखत वेटरला 'बदक आहे का?' असं विचारू नका.