पाऊणकी आणि बोंबील

मुंबईकराला बेटावर जायची भारी हौस. आपण स्वतः बेटावरच राहतो, हे त्याच्या गावीही नसतं. सात बेटांमधल्या खाड्या बुजवून शहर झालं, ते पुढे साष्टीला जोडलं गेलं, त्यावरून रेल्वे धावली आणि बेटावरचा माणूस लोकलच्या दारात लोंबकळू लागला. शुक्रवारी संध्याकाळी त्याला एकदम समुद्र आठवतो. गोवा लांब पडतं, अलिबागला अर्धी सोसायटी आधीच पोचलेली असते, अंदमानचा खर्च ऐकून समुद्राची ओढ ओसरते. मग उरतं मढ.

मढ हे आता नावापुरतंच बेट. मालाडहून मार्व्याच्या बाजूनं सरळ रस्ता जातो आणि त्यावरून बस धावते. पण बसनं बेटावर गेल्याचं कोणाला सांगता येत नाही. म्हणून जाणकार वर्सोव्याच्या धक्क्यावर येतात. रस्त्यानं वीस-बावीस किलोमीटरचा वळसा पडतो, तोच बोटीनं पाच-सात मिनिटांत उरकतो. बोटीत मोटारसायकली चढतात, रिकाम्या पाट्या घेऊन निघालेल्या कोळणी चढतात, शूटिंगला निघालेली तिशीतली ‘कॉलेजकन्यका’ चढते. सागराविषयी काहीतरी गंभीर विचार करावा म्हणून आपण घसा खाकरतो, तोवर पलीकडचा धक्का येतोसुद्धा.

उतरल्यावर बघण्यासारखं बरंच आहे. आक्सा, एरंगळ, दाना पानी असे एकामागून एक किनारे आहेत. आक्साचं पाणी दिसायला शांत, पण त्यानं फार जणांना ओढून नेलं आहे. तिथं जीवरक्षक शिट्टी मारतो तेव्हा ती आपल्यालाच मारलेली आहे असं समजावं. एरंगळला वाळूच्या काठालाच संत बोनाव्हेंचरचं जुनं चर्च आहे, १५७५ सालचं म्हणून सांगितलं जातं. या संताचा दिवस खरा जुलैत येतो, पण एरंगळची जत्रा भरते जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी. भर जुलैत त्या वाळूत कोणी जत्रा भरवून दाखवावी! जानेवारीतल्या त्या जत्रेला वसई-उत्तनपासूनचे ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोक इथे लोटतात, आणि त्यांच्या बाटली मसाल्याचा वास चर्चच्या घंटेइतकाच लांबवर जातो.

टोकाला किल्ला आहे. पोर्तुगीजांनी बांधला, वसईच्या मोहिमेत १७३९ साली मराठ्यांनी घेतला, आणि आता तो हवाई दलाच्या ताब्यात आहे. आत जायला परवानगी लागते. हिंदी सिनेमातल्या खलनायकांना ती मिळते, आपल्याला मिळत नाही. आसपासच्या बंगल्यांचीही हीच तऱ्हा. सोमवारी ज्या बंगल्यात उद्योगपतीच्या मुलीचा साखरपुडा होतो, त्याच बंगल्यात गुरुवारी खून पडतो आणि शनिवारी तो कोणीतरी वाढदिवसासाठी भाड्यानं घेतो.

गाव मात्र या सगळ्यात न सापडणाऱ्या एका वेगळ्याच घड्याळावर चालतं. आपल्या मनगटावरच्या घड्याळाशी त्याचा काही संबंध नाही, आणि मढला गेलेल्या पाहुण्यांची निम्मी फजिती इथूनच सुरू होते.

शाळेत पूर्वी पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करून घेत. पाव आणि निम्मे व्यवहारात कुठेतरी उपयोगी पडतात, पण पाऊणपटीचा पाढा माणसानं कशासाठी घोकायचा, याचं उत्तर मास्तरांनी कधी दिलं नाही. त्याचं उत्तर समुद्रावर मिळतं. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, येतील तितके वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पौर्णिमा-अमावास्येला हिशेबानं सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात बाराच्या सुमाराला पाणी भरतं. इतकं मागेपुढे व्हायची समुद्राला मुभा आहे. भरती दिवसातून दोनदा येते, म्हणजे सकाळचं गणित रात्रीलाही चालतं. दोन भरत्यांच्या मधे सहा तासांवर ओहोटी. बस, एवढंच. मोबाइलमध्ये भरतीचं वेळापत्रक बघणारी कोळ्यांची पोरंसुद्धा आजोबांनी बोटांच्या पेरांवर केलेला हिशेब मोडीत काढत नाहीत, कारण त्याला रेंज लागत नाही.

हे ठाऊक नसलं की काय होतं? पौर्णिमेची रात्र समुद्राकाठी काढायची म्हणून मंडळी संध्याकाळी सहाला किनाऱ्यावर येतात. त्या वेळी नेमकी ओहोटी असते, तीही उधाणाची, म्हणजे पाणी सगळ्यात लांब गेलेलं. समोर ओल्या चिखलाचं मैदान, आणि त्यापलीकडे कुठेतरी समुद्र. ‘‘पाणी कुठे गेलं?’’ असं एकानं मला तक्रारीच्या सुरात विचारलं होतं. मी म्हटलं, ‘‘येईल रात्री बाराला.’’ त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू उशिरा येणारा समुद्र मीच मागवला होता.

पण पाऊणकीचा खरा संबंध जेवणाशी आहे. मढ आणि शेजारच्या भाटीच्या दर्यात डोलीची मासेमारी मोठी. डोल म्हणजे निमुळतं होत गेलेलं भलंमोठं जाळं. ते पाण्यात एका जागी बांधून ठेवायचं, तोंड प्रवाहाकडे करायचं आणि थांबायचं. माशाच्या मागे धावायचं नाही. भरती-ओहोटीचा ओढा त्याला आपणहून आत आणून सोडतो. म्हणजे जाळं कोळ्याचं, पण ते ओढणारा चंद्र. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाण असतं, पाण्याला जोर असतो, डोल भरून येते. सप्तमी-अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, पाणी मरगळतं, आणि डोलीत काय येतं ते दर्याच्या मर्जीवर.

आता आपलं पंचांग बघा. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. मासे खायला उरले बुध, शुक्र, रवि. त्यातून एकादशा गेल्या. उधाणाचा जोर पौर्णिमेनंतर आणखी दोन-तीन दिवस टिकतो, डोली भरभरून येतात, आणि तेवढ्यात संकष्टी आडवी येते. कृष्ण चतुर्थी ही गणपतीनं मुद्दाम मासळीवर नजर ठेवून निवडली असावी, असा माझा जुना संशय आहे. पुढे १ जून ते ३१ जुलै सरकारची मासेमारी बंदी. तो माशांच्या विणीचा काळ, म्हणून होड्या वर ओढून ठेवलेल्या. नारळी पौर्णिमेला कोळी सोन्याचा म्हणून नारळ दर्याला देतात आणि हंगामाला रंग चढतो, तेव्हा आपला श्रावण चालू असतो. समुद्र दार उघडतो आणि आपण तोंड मिटून बसतो. इतक्या वजाबाकीनंतरही मराठी माणूस स्वतःला मत्स्याहारी म्हणवतो, याचं मला कौतुक वाटतं.

बरं, एवढ्या खटपटीनं उरलेला एखादा रविवार गाठून तो मढला जातो आणि मागतो काय? पापलेट. नाहीतर सुरमई. पापलेटला २०२३ साली महाराष्ट्राचा राज्यमासा केलं. तेव्हापासून तर पापलेट न मागणं हा राज्याचा अपमान होईल की काय, अशी धास्ती लोकांनी घेतलेली दिसते. दारात त्या दिवशी बोंबील, मांदेली, करंदी आणि जवळा यांचे ढीग पडलेले असतात. पण पाहुण्याला ते ढीग दिसत नाहीत. त्याचं डोकं मेनूकार्डावर चालतं, आणि मेनूकार्डावर रोज सगळं असतं.

कोळीवाड्यात घरचं जेवण करून देणाऱ्या एका मावशींच्या पडवीत हा संवाद मी कान देऊन ऐकला आहे. पाच-सहा जण शहरातून आलेले. म्होरक्या म्हणाला, ‘‘मावशी, पापलेट फ्राय. आणि ताजं पाहिजे हं.’’

‘‘पापलेट नाय आज. बोंबील हाय, आत्ताच आलाय.’’

‘‘बोंबील नको. सुरमई?’’

‘‘ती पण नाय. बोंबील घे की.’’

‘‘पलीकडच्या हॉटेलात मिळतं ना पापलेट!’’

‘‘मिळतो ना,’’ मावशी म्हणाल्या, ‘‘तिकडं बर्फातला मिळतो. तू ताजा मागितलास, म्हणून तुला नाय बोलले.’’

त्यानंतर त्यांनी वाद घातला नाही. विळीपाशी बसल्या आणि बोंबील घेतला. ताजा बोंबील हातात धरून बघावा. अंगात काटा म्हणण्यासारखा काटा नाही, हाड म्हणण्यासारखं हाड नाही, सगळा पाण्याचाच कारभार. आरपार दिसेल की काय असं वाटणारा, गुलाबी झाक असलेला आणि तोंड मात्र वचावचा भांडणाऱ्याचं. मावशींनी ते तोंड उडवलं, पोटावरून विळी अशी अलगद फिरवली की मासा पुस्तकासारखा उघडला, मधला काटा निघाला, मीठ लागलं. मग बोंबील फळीखाली ठेवून वर पाटा ठेवला. पाणी निथळेपर्यंत घाई करायची नाही. तेवढ्या वेळात तांदळाची भाकरी थापून झाली. मग मसाला, तांदळाचं पीठ आणि तापलेला तवा. बोंबील पाट्याखाली न दाबता तव्यावर टाकला तर त्याचं कालवण होतं, तेही तव्यावरच. पाहुण्यांनी आधी एकेक खाल्ला, मग न विचारता दुसरा वाढून घेतला. पापलेटचा विषय पुन्हा निघाला नाही.

एवढं झाल्यावर तरी समेट व्हावा की नाही? पण जेवून बाहेर पडलेल्या त्याच मंडळींना वारा आला आणि नाकाला रुमाल लागले. समोर वलांड्या होत्या. बांबू रोवून दोऱ्या ताणलेल्या, आणि त्यावर दोन-दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यात जबडा अडकवून टांगलेले. ना खिळा, ना सुतळी. माशाच्या दातांनीच मासा दोरीवर राहतो. त्या रांगा उन्हात दिवसचे दिवस वाळतात. ताजा बोंबील दोन दिवस टिकत नाही, सुका पावसाळाभर पुरतो. बंदीच्या दोन महिन्यांत कित्येक घरांचं कालवण या दोरीवरून उतरतं. आपल्याला ज्याचा वास येतो, ती त्या घराची बचत असते. बँकेत पैसे ठेवलेल्यांनी वलांडीपाशी नाक दाबू नये.

बाजारातली आपली ऐटही पाहण्यासारखी. मॉलमध्ये छापलेली किंमत मुकाट मोजणारे लोक कोळणीच्या पाटीपुढे बसले की त्यांच्यातला व्यापारी जागा होतो. वाटा शंभरचा असेल तर साठापासून सुरुवात, कल्ले उघडून लाल आहेत का ते बघणं, वर दोन मासे जास्त घालून घेणं. चिंबोरी घेताना तर पुन्हा पंचांग: अमावास्येची भरलेली असते, पौर्णिमेची पोकळ, असं कोळणीच सांगतात. पौर्णिमेला चिंबोरी मागणाऱ्या गिऱ्हाइकाला तसं स्पष्ट सांगणारी विक्रेती मला तरी दुसऱ्या कुठल्या बाजारात भेटलेली नाही. तिच्याशी दहा रुपयांसाठी हुज्जत घालणाऱ्याला मी ग्राहक म्हणत नाही.

आता वर्सोवा-मढ पुलाची योजना आहे. पूल झाला की वीस-बावीस किलोमीटरचा वळसा संपेल आणि बोटीची पाच मिनिटंही जातील. काही मित्र यावर हळहळतात, बेटपण गेलं म्हणतात. हळहळणारे सगळे वर्सोव्याच्या बाजूला राहतात. मध्यरात्री बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचं असेल तर खाडीवरचं चांदणं कामाला येत नाही, पूल येतो. मढकरांना पूल हवाच असेल तर त्यांनी तो घ्यावा आणि आपण मुकाट त्यावरून जावं. पुलामुळे मढ जवळ येईल, पण डोल भरायची ती तिथीनंच भरणार आणि भांगाला ओढा मंदच राहणार. समुद्राला सी-लिंकची सवय लावता आलेली नाही, ती पुढेही लागायची नाही.

तेव्हा मढला जाणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. हवामान बघता, ट्रॅफिक बघता, तशी निघण्याआधी तिथीही बघा आणि पाऊणकी करा. जमल्यास पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास जा. काय आहे ते आधी विचारा आणि जे आलं असेल ते खा. बोंबील असेल तर नशीब समजा, घासाघीस करू नका, आणि वलांडीपाशी नाकाला रुमाल लावू नका. त्या दिवशी नेमकी संकष्टी निघाली, तर मात्र ते तुमचं आणि गणपतीचं तुम्ही आपसात मिटवा.