मूल्यमापन शंभर टक्के

'निष्ठा' या सरकारी प्रशिक्षण योजनेने 2019 मध्ये देशातील सुमारे 42 लाख शिक्षक-मुख्याध्यापकांना घडवण्याचा विडा उचलला; 2023 मध्ये 'पोषण भी, पढाई भी'ने अंगणवाडीताईंनाही वर्गात बसवले. मूल्यमापन तर निर्दोषच: हजेरीपट, फोटो, अभिप्रायाचा फॉर्म, प्रमाणपत्र. पोरांना यात विचारत नाहीत, हे उत्तम. त्यांना सही येत नाही.

उद्या अंबड तालुक्यातल्या वडीगोद्रीच्या ताई वर्षभर प्रशिक्षणालाच बसल्या, तर अंगणवाडीला कुलूप राहील आणि गुणवत्ता शंभर टक्के भरेल. खिचडीचाही खर्च वाचेल.

प्रलंबित प्रकरण एकच. बोर्डीत 1945 साली बालशिक्षणाचे काम सुरू करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ थेट मुलांच्या अंगणात वर्ग भरवत. जिओटॅग फोटो नाही, अभिप्राय नाही. दोघींना फेरप्रशिक्षणाची नोटीस काढावी लागेल.