काकाजींची शेवंती

गाजर गवत दुसऱ्याच्या अंगणात लगेच ओळखू येतं. आपल्या अंगणात ती शेवंती असते. तिगाव म्हणजे संत्र्याचा मुलूख. पान पाहून झाडाचा रोग सांगणारी माणसं इथली, आमचे काकाजी त्यातलेच. पण आंबिया आणि मृग बहारातून मान वर काढून घरच्या परसाकडे बघायला सवड कोणाला?

“काकाजी, हे गाजर गवत आहे.”

“काहून? फूल तं येऊ दे, मंग बोल,” म्हणत त्यांनी तांब्याभर पाणी घातलं.

रोपाचं वागणंच लबाड. कोवळेपणी कातरलेली पानं जमिनीला चिकटून पसरतात, पाऊस लागला की मधून दांडा सरळ वर. मग साबुदाण्याएवढी पांढरी फुलं. तोवर उशीर झालेला असतो, कारण एकेक झाड हजारोंनी बिया टाकतं. अमेरिकेच्या गव्हाबरोबर हे आलं म्हणतात. 1950च्या दशकात ते पुण्यात नजरेत भरलं. पुण्याकडचं म्हटल्यावर काकाजींचा त्याच्याबद्दलचा आदर वाढलाच.

जबलपूरला तणांवर संशोधन करणारी केंद्राची संस्था आहे. दर ऑगस्टात ती या गवताविरुद्ध जागृती सप्ताह करते. आमच्याकडे तेव्हा पोळ्याची गडबड. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव जाम नदीतल्या एका पळसासाठी दगड घेऊन समोरासमोर उभे राहतात. परसातलं झाड उपटायला मात्र माणूस मिळत नाही. मेक्सिकन भुंगा सोडावा, असाही सल्ला आला. तो पावसाळ्यात पानं खातो आणि पुढे जमिनीत शिरून झोपतो. असे दोघं घरात आधीच होते.

शेवटी काकाजींनी ती फुलं गणपतीला वाहायला तोडली. दोन-तीन दिवसांत कोपरापर्यंत पुरळ. शेवंतीवरचा दावा त्यांनी खाजवत खाजवत सोडला. मग हातमोजे घालून, ओल्या मातीतून, मुळासकट उपटणं सुरू झालं.

रिकाम्या जागेत तरोटा पेरायचं ठरलं. तो दाट माजला की गाजर गवताला डोकं वर काढू देत नाही. पुढच्या मृगाआधी बी फेकलं. पाऊस पडला, तरोटा हिरवागार उगवला, काकाजी रोज पहारेकऱ्यांची पाहणी करू लागले. एका सकाळी परस बोडका!

काकू चुलीपाशी चण्याची डाळ घालून भाजी परतत होत्या. “एवढा कोवळा तरोटा कोणी सोडते काय, बापू? शेजारीबी दिला.”