मिनिटाला साठ

पारनेरकडच्या एका वस्तीशाळेत परवा डोकावलो, तर तिसरीतला पोरगा इंग्रजीचा धडा वाचत होता. वाचत कसला, उताराला लागलेल्या एसटीसारखा सुटला होता. गुरुजींच्या हातात मोबाईल, त्यावर स्टॉपवॉच. साठावा शब्द 55 व्या सेकंदाला पडला, तसं गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं; बैलगाडा शर्यतीच्या घाटात बारी चांगली पळाल्यावर गाडामालक पाहतो, तसं. तेवढ्यात वाऱ्यानं पुस्तकाचं पान उलटलं. पोरगा मागच्याच पानावरचं म्हणत राहिला. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

"यातलं हंग्री म्हणजे काय रे?" मी विचारलं.

पोरानं गुरुजींकडे पाहिलं, गुरुजींनी मोबाईलकडे.

"सर, ते टायमात धरत नाहीत."

गुरुजींना तरी काय बोलणार! सरकारच्या 'निपुण भारत' अभियानाच्या लक्ष्यात तिसरीच्या मुलानं मिनिटाला किमान 60 शब्द अर्थासह वाचायचे आहेत. दिल्लीहून निघालेलं लक्ष्य पुणे, नगर (सॉरी, अहिल्यानगर), पंचायत समिती, केंद्र असं करत वस्तीवर पोचेपर्यंत 'अर्थासह' वाटेत कुठंतरी सांडलं. साठ तेवढे पोचले. वर ते इंग्रजीलाही लावले. मराठीत 'चाकू' लिहिलं की पोरगं चाकूच वाचतं. इंग्रजीत 'नाईफ'च्या दारात मुका 'के' बसवलेला, आणि 'वन'मधला 'व' तर कुणालाच सापडलेला नाही.

पहिलीपासून इंग्रजी आपल्याकडे 2000 साली आलं. त्या पहिल्या तुकडीतली मुलं आता पालक म्हणून शाळेत येतात. मोबाईलवर इंग्रजी मेसेज आला की पोरापुढे धरतात. पोराचा स्पीड आहे ना!

अर्थाविना पळणाऱ्या या वाचनावर जाणकारांचा उपाय साधा आहे: आधी बाईंनी किंवा गुरुजींनी वाचून दाखवायचं, अर्थ सांगायचा, मग मुलानं तोच छोटा उतारा तीन-चारदा वाचायचा. हे पुनर्वाचन राज्य सरकारनं मात्र मनावर घेतलंय. पहिलीपासून हिंदीचा निर्णय 16 एप्रिल 2025 ला वाचला, 17 जूनला दुरुस्त करून वाचला, 29 जूनला दोन्ही रद्द. तिसऱ्या वाचनात अर्थ लागला म्हणायचा.

एवढ्यात खिचडीची घंटा झाली. पोरगा ताट घेऊन रांगेत सगळ्यांच्या पुढं.

"आता कळलं का हंग्री?" गुरुजींनी विचारलं.

"नाही सर, भूक लागलीय."