जावईबापूंचा किल्ला

अहो, ऐकलंत का? जरा इकडे सरका, भिंतीला कान असतात. मधल्या आळीतल्या काकूंचे पुण्याचे जावई... तेच हो, ज्यांना सगळं माहीत असतं! रविवारी आम्हा सगळ्यांना गाडीत कोंबून साळावच्या पुलावरून कोर्लईला घेऊन गेले. किल्ला दाखवतो म्हणे! आम्हाला, रेवदंडेकरांना! खाडीपलीकडे रोज दिसतो तो.

लाइटहाउसपासून पायऱ्या चढतोय तोच यांचं लेक्चर सुरू. निजामशहाचा किल्ला, १५९४ला पोर्तुगीजांनी घेतला, १७४०ला मराठ्यांनी त्यांना हाकललं. वर दोन्हीकडे समुद्र, वारा असा की काकूंचा पदर हातात धरावा लागला. त्या पडक्या चर्चला ना छप्पर ना दार, नुसत्या भिंती. पण काकूंनी बाहेर चप्पल काढलीच! टाक्याजवळच्या महादेवापुढे पुन्हा काढली. म्हणाल्या, कुठला देव कधी कामाला येईल सांगता येत नाही. खरंय बाई.

तर काय सांगत होते... हां! जावई चर्चमध्ये उभे राहून म्हणाले, "पोर्तुगीज गेले, मागे उरले हे दगड."

खाली गावात आलो. काठ्यांवर बोंबील वाळत घातलेले, आणि दोन बायका कडाकडा भांडत होत्या. आम्हाला एक अक्षर कळेना. जावई हसले, "गोव्याची कोकणी!" त्यातली थोरली भांडण अर्ध्यावर टाकून वळली. आपल्यासारख्याच मराठीत म्हणाली, "कोकणी कशाला असेल, दादा? नौलिंग आमची. तुमचे पोर्तुगीज गेले ना, त्यांच्याच बोलीतनं झालेली."

अगं बाई, चेहरा असा उतरला म्हणून सांगू! काकूंच्या लेकीने पदर तोंडाला लावला. काकू तर समुद्रच बघायला लागल्या. त्या बाईने मग सगळं सांगितलं. हजारभर माणसंसुद्धा उरली नाहीत बोलणारी, पोरं शाळेत मराठीच शिकतात, पण घरात, भांडणात हीच. गोरा साहेब गेला त्याला पावणेतीनशेच्या वर वर्षं झाली, आणि ह्या अजून त्याच्या बोलीत बोंबलांवरून भांडतायत! मला तर किल्ल्यापेक्षा तेच बघण्यासारखं वाटलं.

जावयांनी दोन किलो बोंबील घेतले. मुकाट. भावसुद्धा केला नाही! आणि आज पुण्याहून फोन... लिफ्टमध्ये वास येतो म्हणून सोसायटीचे चेअरमन दारात आले होते. तर हे म्हणे त्यांना सांगतात, "कोर्लईचे आहेत, हिस्टॉरिकल!"