सेव्हचं बटण कुठंय?

पुण्याजवळच्या लवळ्यात आता विद्यापीठंच दोन. सिंबायोसिस डोंगरावर, फ्लेमही हद्दीतच. डेटा हा शब्द इथं चहाच्या टपरीवरही ऐकू येतो. पण उत्सवाच्या वर्गणीची यादी पाहिली, की विद्या अजून डोंगर उतरलेली नाही हे कळतं. यादी चार पोरांनी आपापल्या मोबाइलवर, आपापल्या मराठीत टाइप केलेली. कुणी 'मु. पो. लवळे', कुणी 'लवळे, मु. पो.', कुणी 'मु. पो. लवले'. खजिनदार आमचे तात्या, हिशेब खात्यातून निवृत्त. गाववार बेरीज मांडली तर एका लवळ्याची तीन झालेली.

यावर उतारा म्हणजे ओपनरिफाइन, असल्या विस्कटलेल्या याद्या साफ करणारं सॉफ्टवेअर. 2010 साली मेटावेब कंपनीनं ते फ्रीबेस ग्रिडवर्क्स या नावानं काढलं. त्याच वर्षी गुगलनं कंपनीच घेतली आणि त्याचं गुगल रिफाइन झालं. 2012 मध्ये गुगलनं अंग काढून घेतलं, तेव्हापासून ते स्वयंसेवकांच्या पदरात आहे. फुकट, खुलं आणि गुणी. फक्त दारात आलेल्याची आधी तोंडी परीक्षा घेतं.

पहिला प्रश्न उतरवून घेतानाच: विंडोजसाठी जावासकट हवं की जावाविना? तात्यांच्या भाच्यानं तो मोठ्यानं वाचला. आतून काकू म्हणाल्या, "जावांशिवायच घे रे, सुखानं चालेल." (चालत नाही. संगणकात आधीची जावा नसेल तर जावासकटच घ्यावं लागतं.)

सुरू केलं की आधी एक काळी खिडकी उघडते, तीत इंग्रजी ओळी सरसर धावतात आणि मागोमाग ब्राउझर येतो. तात्यांनी काळी खिडकी तत्परतेनं बंद केली. व्हायरसच्या बाबतीत ते हयगय करत नाहीत. त्यासरशी ब्राउझरातलंही सगळं ठप्प, कारण खरं इंजिन त्या खिडकीतच असतं. माहितीपुस्तिकेत हे लिहिलेलं आहे म्हणे. पण खिडकी बंद करणारा माणूस पुस्तिका वाचून ती बंद करत नसतो.

पुन्हा सुरू केल्यावर दुसरी शंका. ब्राउझर दिसतोय, म्हणजे आपली वर्गणी अमेरिकेत दिसत असेल काय? नाही. पत्ता 127.0.0.1, म्हणजे आपलंच मशीन. यादी घराबाहेर जात नाही, मूळ फाइलला धक्का लागत नाही, केलेला बदल मागे घेता येतो. नवख्याचा जीव भांड्यात पडावा अशा या गोष्टी पहिल्याच पडद्यावर ठळक अक्षरांत हव्यात. तिथं विचारतात, 'क्रिएट प्रोजेक्ट'. प्रोजेक्ट म्हटलं की तात्यांना निविदा आठवते.

आत शिरल्यावर मात्र गंमत आहे. क्लस्टर दाबलं, की ते टिंबं-स्वल्पविराम काढून, शब्द एका क्रमात लावून मग ताडून बघतं. 'मु. पो. लवळे' आणि 'लवळे, मु. पो.' क्षणात एक. तात्या खूश. मग भाच्याला चेव आला आणि त्यानं एखाद्या अक्षराचा फरक माफ करणारी पद्धत लावली. 'लवले' सुधारलं. पाठोपाठ यंत्रानं नम्रपणे सुचवलं, की 'नांदे, ता. मुळशी' आणि 'चांदे, ता. मुळशी' हेही एकच असावं. बाणेरला वाढलेला भाचा खूण करणार, तोच तात्या ओरडले, "अरे, दोन गावं आहेत ती! बेरीज एकत्र छापलीस तर दोन्हीकडची माणसं माझ्या दारात येतील!"

नांदे वेगळं नि चांदे वेगळं हे ज्याला ठाऊक, तोच नेमका काळ्या खिडकीपाशी परत फिरतो. जो सराईतपणे आत जातो त्याला दोन्ही सारखीच. म्हणून सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी संगणकासमोर एखादे तात्या बसवावेत, आपण हाताची घडी घालून मागं उभं राहावं आणि "अहो, तिथं नाही" असं एकदाही म्हणू नये. अवघड आहे. भाच्याला पाच मिनिटंही जमलं नाही.

काम संपल्यावर तात्या सेव्हचं बटण शोधू लागले. ते नसतंच, दर पाच मिनिटांनी सगळं आपोआप जतन होतं. आपोआप होणाऱ्या गोष्टीवर हिशेब खात्यात कुणी विश्वास ठेवत नाही. खुल्या सॉफ्टवेअरला कुणीही सूचना करू शकतं, हे कळताच त्यांनी भाच्याला मजकूर सांगायला घेतला: "महोदय, सदर काळ्या खिडकीवर 'बंद करू नये' अशी पाटी लावावी. तसेच सेव्हचे बटण तातडीने द्यावे. ते कशालाही जोडलेले नसले तरी हरकत नाही."